यंत्राला प्रार्थना जमते का?

म्युनिकच्या फ्लोरियान फ्रिके या संगीतकाराकडे 1970 साली जे यंत्र होतं, ते तेव्हा जर्मनीत मोजक्याच लोकांकडे होतं. मोग सिंथेसायझर. कपाटाएवढा आकार, दर्शनी बाजूला तारांचं जंजाळ आणि एवढा थाट करून एका वेळी सूर एकच. दोन हवे असतील तर पहिला टेपवर घ्यायचा, मग त्यावर दुसरा चढवायचा. या यंत्रावर फ्रिकेच्या ‘पोपोल वुह’ या गटाने ‘अफेनश्टुंडं’ (1970) आणि पुढच्याच वर्षी ‘इन डेन गेर्टेन फाराओस’, म्हणजे ‘फॅरोच्या बागांमध्ये’, असे दोन अल्बम केले. गटाचं नाव घेतलं होतं ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांच्या पवित्र ग्रंथावरून. म्हणजे धर्माची ओढ पहिल्यापासूनच होती. मग 1972 मध्ये, बाकीचे वादक असं यंत्र मिळावं म्हणून धडपडत असताना, फ्रिकेने मोग बाजूला सारला. मन निर्मळ करायला एवढ्या तांत्रिक सरंजामाची गरज नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

निर्णय धाडसी होता. पण तो बरोबर होता का?

त्याच वर्षी आलेल्या ‘होसियाना मंत्र’मध्ये पियानो आहे, ओबो आहे, व्हायोलिन आहे, तंबोरा आहे आणि कोरियन गायिका जोंग युन यांचा आवाज आहे. हिब्रू परंपरेतला पुकारा आणि संस्कृतातला मंत्र एकाच शीर्षकात. आत ‘कीरिए’ हे ख्रिस्ती उपासनेतलं पद आणि दुसऱ्या बाजूला मोशेच्या पाचव्या ग्रंथाचा आधार. तिथल्या एका रचनेचं नाव ‘आकाशात उंचावर नाही’ अशा अर्थाचं आहे. मूळ ग्रंथातला तो उपदेश सांगतो की देवाची आज्ञा आकाशात किंवा समुद्रापलीकडे शोधायला जायचं कारण नाही. ती तुझ्या मुखात आणि हृदयात आहे. मुखात! फ्रिकेच्या निर्णयाची गुरुकिल्ली इथे सापडते. गाणाऱ्याचा दम संपतो, तो थांबतो, पुन्हा श्वास घेतो. सिंथेसायझरमध्ये सूर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरला हे काहीच करावं लागत नाही. नामस्मरण करणाऱ्याची जीभ थकते, तरी तो पुढचं नाव घेतो. न थकणाऱ्याने घेतलेल्या नावाला अर्पण म्हणायचं कसं?

युक्तिवाद जोरकस आहे. पण तो फ्रिकेच्याच कामात ठिकठिकाणी उसवतो.

‘फॅरोच्या बागांमध्ये’ची दुसरी बाजू ऐकावी. ‘वुह’ नावाची जवळपास 20 मिनिटांची ती एकच रचना आहे आणि तिच्यात बव्हेरियातल्या बाउमबुर्गच्या चर्चचा ऑर्गन घुमतो. चर्चचा ऑर्गन म्हणजे तरी काय? भाते, झडपा, खुंट्या आणि शेकडो नळ्या. वादकाचा श्वास त्यात कुठेच नाही. विजेच्या आधीच्या काळातलं ते अवाढव्य ध्वनियंत्रच. फक्त चर्चला त्याची सवय व्हायला काही शतकं मिळाली. ‘होसियाना मंत्र’मध्येही कॉनी फाइटची गिटार विजेवरचीच आहे. आणि वेर्नर हेर्झोगच्या ‘अगिरे’ (1972) या चित्रपटाच्या सुरुवातीला, अँडीजच्या उतारावरून माणसांची रांग खाली येताना जो समूहस्वर ऐकू येतो, तो फ्रिकेने एका वाद्यातून काढलेला आहे. त्या वाद्याच्या पोटात मानवी आवाजांच्या टेप फिरत होत्या. मोग सोडला त्याच सुमाराचं हे काम!

म्हणजे यंत्र हवं की नको, हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. यंत्र कोणाच्या जागी आलं, हे विचारायला हवं. फ्रिकेने मोग सोडून तंबोरा जवळ केला आणि त्यानंतर काही वर्षांतच बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला. आज पुण्या-मुंबईतले गायक रियाजाला तो बिनदिक्कत लावतात. त्यात काही बिघडत नाही, कारण गळा गायकालाच चालवावा लागतो. उलट महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आरतीच्या वेळी नगारा आणि घंटा विजेवर वाजतात. बटण दाबलं की झालं. तिथे मात्र भक्ताच्या हातांना सुट्टी मिळालेली असते, आणि फ्रिकेची शंका खरी लागू पडते ती तिथे.

धर्मसंस्थांची चिंता बहुधा वेगळीच असते. 13 डिसेंबर 1974 रोजी ‘टँजरिन ड्रीम’ या बर्लिनच्या गटाने फ्रान्सच्या राजांचा जिथे राज्याभिषेक होई, त्या रँसच्या कॅथेड्रलमध्ये सिंथेसायझर वाजवले. मावतील त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आत आले, बाहेर जायला वाट उरली नाही आणि काहींनी प्राचीन खांबांच्या आडोशाला लघवी केली. पुढे शुद्धीचा विधी करावा लागला. वास्तूत घाण झाली ती ऑसिलेटरमुळे नव्हे, मूत्राशयांमुळे. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने याच गटाला कॉव्हेंट्री, लिव्हरपूल आणि यॉर्कच्या कॅथेड्रलांची दारं उघडून दिली. कॉव्हेंट्रीचं जुनं कॅथेड्रल 1940 मध्ये जर्मन विमानांनी उद्ध्वस्त केलं होतं. शेजारच्या नव्या वास्तूत आता जर्मन वादक बसले होते.

फ्रिकेचा मोग पुढे क्लाउस शुल्झ या जर्मन संगीतकाराकडे गेला. त्याने तो ‘मूनडॉन’ (1976) या अल्बमात वापरला आणि श्रोत्यांना त्यातही ध्यानाची लय सापडली. फ्रिकेचीही भूमिका पुढे तेवढी ताठ राहिली नाही. 1995 च्या ‘सिटी रागा’मध्ये पोपोल वुहच्या संगीतात इलेक्ट्रॉनिक ठेका परत आला, आणि तोही चांगलाच ठळकपणे.