समोरचं दार

१६ एप्रिल २०२४, मंगळवार. आदल्या दिवशीच फोनवर इशारा आला होता: जोरदार पाऊस येतोय, शक्यतो घरून काम करा. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच कांदाभजीचे फोटो पडले. वाळवंटात पाऊस म्हणजे मजाच. शारजामध्ये मी दोन वर्षं राहत होतो आणि मला माहीत असलेला तिथला पाऊस फार तर रस्त्यावर डबकी करून जाणारा.

त्या दिवशी मात्र भरदिवसा अंधारून आलं. दुबईत वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तिथे एका दिवसात वर्षभराहून जास्त पडला. अल ऐन भागात खत्म अल शक्ला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. १९४९ पासून, म्हणजे नोंदी ठेवायला लागल्यापासून, देशातला हा सर्वांत मोठा पाऊस. दुबई विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या. शेजारच्या ओमानमध्ये शाळकरी मुलांसह विसाच्या आसपास माणसं गेली.

आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि वीज गेली. वीज नाही म्हणून लिफ्ट नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. मी नवव्या मजल्यावर, जवळ दीड बाटली पाणी आणि फोनला बारा टक्के चार्ज.

आईचा फोन आला. २००५ च्या २६ जुलैला, मुंबईत ९४४ मिलिमीटर कोसळला त्या रात्री, ती घाटकोपरला एका अनोळखी बाईच्या खोलीत राहिली होती. त्या बाईने दिलेल्या कोरड्या साडीची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. आईने पहिला प्रश्न विचारला, "समोर कोण राहतं तुझ्या?"

मला सांगता आलं नाही.

बुधवारी रात्री दार वाजलं. तीनदा. मी जागा होतो. घाबरलो होतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. पाणी मागायला कुणीतरी आलं असणार, एवढाच विचार मनात आला. मी श्वास रोखून पडून राहिलो. पावलं लांब गेली.

सकाळी जिन्यात समोरच्या फ्लॅटमधला माणूस भेटला. पेशावरचा, सात वर्षं त्याच दारामागे राहणारा. रात्री त्याच्या आईला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला होता. तिला खुर्चीत बसवून नऊ मजले खाली उतरवायचं होतं आणि एक माणूस कमी पडत होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मिल गया था एक बंदा, सातवीं मंज़िल से. कोई बात नहीं, भाई." खालून एका ट्रकमधून तिला हॉस्पिटलला नेलं होतं. ती सुखरूप होती.

म्हणजे काहीच बिघडलं नाही. मग मी काही चुकीचं केलं का?

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये हाच पेच मांडला होता. त्याला ते नैतिक नशीब म्हणतात. दोन ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीने गाडी चालवतात. एकाच्या गाडीसमोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. चूक सारखीच, तरी आपण दोघांना सारखं दोषी धरत नाही. मी दुसरा ड्रायव्हर. सातव्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं म्हणून माझी गोष्ट इथे संपते. त्यानेही माझ्यासारखाच श्वास रोखला असता तर?

पाऊस ओसरल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: अनपेक्षित. कुणी ढगांवर केलेल्या फवारणीला दोष दिला. हवामान केंद्राने त्या वादळात फवारणी केलीच नव्हती असं सांगितलं. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे असे पाऊस आणखी जोरदार होतात, हे शास्त्रज्ञ सांगत राहिले. पण शहराचा हिशेब मला तेव्हा नीट कळला. पाऊस वर्षातून थोडेच दिवस पडणार, तर गटारांवर एवढा खर्च कशाला?

माझाही हिशेब तोच होता. दोन वर्षांचा व्हिसा, मग ओळखी कशाला वाढवायच्या? या देशात दहातले जवळपास नऊजण बाहेरून आलेले. सगळेच तात्पुरते, म्हणून लिफ्टमध्ये सगळेच मोबाईलकडे बघतात. हा हिशेब वेडेपणाचा नव्हता. बहुतेक दिवस तो बरोबरच येतो. तो चुकला त्या दिवशी खुर्चीत कुणाची तरी आई होती.

यावर एक सोपं उत्तर आहे: अडीअडचणीला उपयोगी पडतात म्हणून शेजारी जोडावेत. मला ते पटत नाही. तो झाला विमा. घाटकोपरच्या त्या बाईला आईकडून कधी काही मिळणार नव्हतं. आई परत त्या गल्लीत गेलीही नाही. ती बाईही दाराआड गप्प बसू शकली असती. तिने दार उघडलं, कारण बाहेर माणूस भिजत उभं होतं. पाऊस अनपेक्षित होता, हे तिला तेव्हा सुचलंही नसेल. मला सुचलं. पावसाची कल्पना नव्हती हे खरं, पण समोरच्या माणसाचं नाव माहीत नसणं हे काही हवामान नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये दुबईने तीस अब्ज दिरहमची पावसाळी गटारांची योजना जाहीर केली. ती २०३३ पर्यंत पुरी व्हायची आहे. शहराने निदान हिशेब बदलला.

मला आता समोरच्याचं नाव माहीत आहे. रमजानमध्ये त्याच्याकडून खजूर येतात, दिवाळीत माझ्याकडून चकल्या जातात. त्याची आई मला "बेटा" म्हणते. त्या रात्री मी जागा होतो, हे मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पुन्हा "कोई बात नहीं" म्हणेल, हे मला माहीत आहे. ते ऐकून हलकं वाटावं म्हणूनच मला सांगायचंय की काय, या शंकेपाशी मी दर वेळी थांबतो.