नावानिशी ओळखणारा मेंढपाळ



गरिबाला मदत द्यायची की नाही, हे यंत्राने ठरवावे का? हा प्रश्न आता केवळ शास्त्रज्ञांचा उरलेला नाही. तेलंगण राज्याने ‘समग्र वेदिका’ नावाची संगणकप्रणाली वापरात आणली. निरनिराळ्या सरकारी खात्यांतील नोंदी जुळवून शिधापत्रिकेसाठी कोण अपात्र, हे ती दाखवते. हेतू चांगला होता, कारण बोगस शिधापत्रिकेवर उचललेले धान्य गरिबाच्याच ताटातून जाते. पण नावे जुळवताना यंत्राची गफलत झाली. रिक्षा ओढणाऱ्या एका माणसाच्या नावावर त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याची मोटार लागली आणि त्याचे कुटुंब स्वस्त धान्याला मुकले.

2014 ते 2019 या काळात त्या राज्यात 18 लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश दिला. त्यानंतर तपासलेल्या पहिल्या सुमारे 2 लाख अर्जांपैकी 15 हजारांहून अधिक पात्र ठरले. शेकडा सात-आठ चुका म्हणजे फार नव्हेत, असे हिशेबनीस म्हणेल. शुभवर्तमान तसे म्हणत नाही. शंभरांतले एक मेंढरू हरवले, तरी मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात निघतो. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. यंत्र फक्त नाव वाचते, माणसाला ओळखत नाही.

म्हणून कायदा हवा. सरकारी मदतीची पात्रता ठरवणाऱ्या अशा प्रणालींना युरोपीय संघाने 2024 च्या कायद्यात अतिजोखमीच्या गटात घातले आणि त्यांवर मानवी देखरेखीची तरतूद केली. आपल्यासारख्या देशात तर तिची गरज अधिक आहे. कारण ज्याचे धान्य बंद होते, त्याला कोर्टाची पायरी चढणे परवडत नाही. नाव कापण्यापूर्वी नोटीस द्यावी, कारण सांगावे, घरी जाऊन चौकशी करावी आणि निर्णयाखाली अधिकाऱ्याची सही असावी. ‘संगणकाने केले’ हे उत्तर कोणालाही देता येऊ नये.

पोप फ्रान्सिस यांनी 1 जानेवारी 2024 च्या शांतिदिन संदेशात कृत्रिम बुद्धिमत्तेवर बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार व्हावा, असे आवाहन केले. 1891 साली पोप लिओ तेरावे यांनी यंत्रयुगातील कामगारांची बाजू मांडली. 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांनी नाव निवडताना त्याचेच स्मरण केले.

आपल्या शेजारी एखाद्या कुटुंबाची शिधापत्रिका बंद पडली आहे का? त्यांचा अर्ज लिहून देणे, कचेरीत त्यांच्यासोबत जाणे, हेही मेंढपाळाचेच काम आहे. प्रभू आपणांस त्या एका हरवलेल्याला शोधणारी दृष्टी देवो.