न वाजवण्याचं श्रेय

किंग क्रिम्झन या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी फोटो कधी काढायचे, याचा नियम अगदी सोपा होता: टोनी लेव्हिन कॅमेरा हातात घेईल तेव्हा. लेव्हिन म्हणजे बँडचा बास वाजवणारा, फोटोग्राफीतही मुरलेला माणूस. शेवटची रचना संपली, टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला, की तो मंचावरूनच प्रेक्षागृहाचे फोटो काढू लागायचा. तेवढ्या वेळात प्रेक्षकांनीही फोन बाहेर काढून घ्यावेत. त्याआधी नाही. तशा पाट्या लावलेल्या असत, सुरुवातीला निवेदन होई, आणि तरीही कुणाचा फोन वर गेलाच तर शेजारची खुर्चीच आधी डोळे वटारी.

पन्नाशी-साठी ओलांडलेली, भरपूर पैसे मोजून आलेली माणसं ही शिस्त नुसती सोसत नव्हती, तिचा त्यांना अभिमान होता. रॉकच्या इतिहासात चाहते मंचावर चढले आहेत, कपडे फाडले आहेत, खुर्च्या मोडल्या आहेत. इथे चाहत्यांनी आपल्या बँडकडून गप्प बसायला सांगून घेतलं आणि पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा तिकीट काढलं. हा काय प्रकार आहे, हे समजून घ्यावंसं मला फार दिवस वाटत होतं.

नेहमीची उत्तरं इथे लागू पडत नाहीत. माणसांवरचं प्रेम म्हणावं, तर 1969पासून 2021पर्यंत या बँडमध्ये टिकला तो एकच माणूस, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. पहिल्याच वर्षाच्या शेवटी, अमेरिकेच्या दौऱ्यानंतर इयन मॅकडोनल्ड आणि मायकल जाइल्स बाहेर पडले. गायक ग्रेग लेकने पुढच्या वर्षी 'इमर्सन, लेक अँड पामर' काढला. ओळखीच्या गाण्यांची ओढ म्हणावी, तर फ्रिपने जुनी गाणी वर्षानुवर्षं अडगळीत टाकली होती. डोळे दिपवणारा देखावा म्हणावा, तर तोही नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये रिक वेकमनचे झगे होते, पीटर गेब्रिएलचे मुखवटे होते, पिंक फ्लॉइडचं हवेत तरंगणारं डुक्कर होतं. फ्रिप मात्र स्टुलावर बसून वाजवतो, आणि बराच काळ तर तो अंधारातच बसत असे.

मग उरतं काय? माझ्या मते उरतं ते ऐकणं. हे चाहते ज्यावर जीव टाकतात ते एका विशिष्ट दर्जाचं ऐकणं आहे; बँड ते मागतो आणि ते दिल्याबद्दल त्यांना भागीदार करून घेतो.

सुरुवात मात्र अशी झाली नव्हती. 5 जुलै 1969ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम होता. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा ब्रायन जोन्स गेलेला. लाखोंची गर्दी जमली होती ती स्टोन्ससाठी. त्यांच्याआधी वाजवणाऱ्यांत किंग क्रिम्झन होते. त्यांची पहिली रेकॉर्ड बाजारात यायला अजून तीन महिने होते, बँड जन्मून सहा. एकही ध्वनिमुद्रिका नसताना, निव्वळ समोर वाजवून नाव झालेले हे लोक. पुढे 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' आली, तिच्यावरचा बॅरी गॉडबरने रंगवलेला तो किंचाळणारा चेहरा जगभर पोचला, पण ज्यांनी त्या उन्हाळ्यात बँडला समोर ऐकलं होतं त्यांच्या लेखी रेकॉर्ड ही नंतरची गोष्ट.

आता 1973कडे येतो, कारण माझं म्हणणं तिथल्या एका प्रसंगात सापडतं. बँडचा साचा तोवर पार बदलला होता: फ्रिप, बासवर जॉन वेटन, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस आणि ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. ब्रुफर्ड हा 'येस'सारखा नावारूपाला आलेला बँड सोडून इकडे आलेला. हे चौघे मंचावर काही ठरवून, काही अजिबात न ठरवता वाजवत. 23 नोव्हेंबरला ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ या नामांकित सभागृहात अशाच एका न ठरवलेल्या तुकड्याला तोंड फुटलं. व्हायोलिन हळूच सुरू झालं, खाली बास आला, फ्रिप मेलोट्रॉनवर बासरीचे सूर धरून. (मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा असलेलं की-बोर्ड; पट्टी दाबली की फीत फिरते, आठेक सेकंदांत संपते.) ब्रुफर्ड काठ्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला. आता येईल, मग येईल, असं वाटत राहतं. तो येतच नाही. साडेपाच मिनिटं.

हा तुकडा 'ट्रायो' या नावाने पुढच्या वर्षी रेकॉर्डवर आला. वाजवणारे तिघे, पण रचनेचं श्रेय चौघांना. ब्रुफर्डने दाखवलेल्या संयमाचा तो मान होता. यात थोडा इंग्रजी खट्याळपणा आहेच, पण निव्वळ थट्टा नाही. तो सूर नाजूक होता, ड्रमचा एक ठोका पडता तर मोडला असता, आणि हे ज्याला कळलं त्याने आपलं काम केलं. हाच न्याय पुढे नेला तर सभागृहात श्वास रोखून बसलेले शेकडो लोकही त्या श्रेयाचे वाटेकरी ठरतात. किंग क्रिम्झनचा चाहता स्वतःला ब्रुफर्डच्या त्या खुर्चीवर बसलेला समजतो, असं मला वाटतं.

फ्रिपच्या डोक्यात हे कुठून आलं, तेही पाहण्यासारखं आहे. 1974च्या सप्टेंबरात त्याने बँड चक्क मोडला. 'रेड' ही त्यांची कदाचित सर्वांत जबरदस्त रेकॉर्ड दुकानांत पोचायच्या आत. नंतर तो शेरबोर्न हाउसमध्ये दहा महिन्यांच्या निवासी शिक्षणाला गेला. ती संस्था जे. जी. बेनेट यांची, आणि बेनेट हे गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूच्या पठडीतले. भांडी घासताना, माती खणताना आपलं अवधान कुठे आहे ते पाहत राहायचं, ही त्यांची साधना. 1985पासून फ्रिपने 'गिटार क्राफ्ट' नावाने जे वर्ग घेतले त्यांत हीच शिस्त वाद्यावर आली. श्रोत्याचं लक्ष असलं-नसलं तर संगीतच बदलतं, हा त्याचा विश्वास आहे. फ्लॅश चमकला म्हणून तो मंचावरून उठून गेल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. असा माणूस सहन करणं सोपं नाही, आणि त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनीही ते लपवलेलं नाही. टोबी एमिसच्या 2022च्या माहितीपटात ते मोकळेपणी बोलतात; त्यातले काही अजून दुखावलेले दिसतात. चाहत्यांना जी शिस्त गोड लागली तिची किंमत वादकांनी मोजली, एवढं तरी म्हणायला हवं.

पण त्या शिस्तीतून काय हाती येई? 'स्टारलेस' घ्या. नवख्याचा इथे हमखास गोंधळ होतो: 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या रेकॉर्डवर ही रचना नाही, ती त्यानंतरच्या 'रेड'वर आहे. बारा मिनिटांची. सुरुवातीला मेलोट्रॉनवर संथ, उदास चाल, मग गाणं. ते संपलं की खाली बास तेरा मात्रांचं एक जड, लंगडं आवर्तन सुरू करतो. त्यावर गिटार एकच सूर वाजवते. तोच सूर, पुन्हा तोच. मग किंचित वर सरकते आणि पुन्हा तेच. तालवाद्यं सुरुवातीला नुसती टिकटिक करतात, मग एकेक अंग धरतात. मिनिटं जातात आणि स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढत राहतो. ज्याचं लक्ष उडालं त्याला काहीच घडत नाही असं वाटेल, ज्याचं टिकलं त्याला खुर्चीत बसवत नाही. शेवटी सगळं फुटतं, लय दुप्पट होते, सॅक्सोफोन उधळतो, आणि त्या गदारोळातून पहिली उदास चाल पुन्हा वर येते, पण आता सगळी वाद्यं तिच्यासोबत.

1974च्या जुलैत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमानंतर ही रचना किंग क्रिम्झनने चाळीस वर्षं वाजवली नाही. बँड 1981मध्ये परतला, नव्वदीत सहा जणांचा झाला, पुन्हा बदलला, 'स्टारलेस' नाही. मग सप्टेंबर 2014मध्ये ऑल्बनीहून दौरा सुरू झाला आणि ती परत आली. सात वादक, त्यांतले तीन ड्रमर. ते मागे नव्हे, सर्वांत पुढे. बाकीचे चौघे मागच्या उंचवट्यावर, सूट-टाय घालून. प्रकाश रात्रभर जवळजवळ साधाच. फक्त 'स्टारलेस'च्या त्या मधल्या चढणीत मंच हळूहळू लाल होत जाई, इतका सावकाश की रंग कधी बदलला ते कळू नये. अडीच तासांत देखावा म्हणून तेवढाच, आणि 2017च्या मेक्सिको सिटीतल्या चित्रणात तो पाहताना माझ्या अंगावर काटा येतो. सगळे दिवे पहिल्यापासून फिरवले असते तर या लाल रंगाला कोण विचारतं?

आता माझी तक्रार. 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'वरच्या आठ तुकड्यांपैकी पूर्णपणे स्टुडिओत झालेले दोनच. बाकीच्यांचा पाया मंचावरच्या वादनाचा, पण टाळ्या, खोकले, खुर्च्यांचे आवाज काढून टाकलेले. ऐकणाऱ्याला कळूही नये की समोर माणसं होती. 2015च्या दौऱ्यावरून केलेल्या 'रॅडिकल ॲक्शन'च्या संचातही तेच: प्रत्यक्ष कार्यक्रमांचं मुद्रण, प्रेक्षक गाळून. चाळीस वर्षांनीही तीच सवय. ज्या श्रोत्यांच्या अवधानाशिवाय हे संगीत होत नाही असं तुम्ही म्हणता, त्यांनाच फितीवरून पुसून टाकायचं?

आपल्याकडे मैफलींच्या खासगी ध्वनिमुद्रणांची देवाणघेवाण करणाऱ्यांची एक जुनी जमात आहे. त्यांना विचारा, तंबोरे जुळवताना गवई काय पुटपुटला, समेवर कोण 'अहाहा' म्हणालं, हे ते रागाइतक्याच प्रेमाने सांगतील. दाद ही तिथे गाण्यात मिसळलेली असते. किंग क्रिम्झनच्या श्रोत्याची दाद मात्र त्याच्या गप्प बसण्यात आहे, आणि म्हणून ती पुसली तरी चालते असा फ्रिपचा हिशेब असावा. मला तो पटत नाही. रिकाम्या खोलीतली शांतता आणि दोन हजार माणसांनी मिळून राखलेली शांतता यांचा आवाज वेगळा असतो, फितीवरसुद्धा.

गंमत म्हणजे चाहत्यांनाही हा हिशेब पटला नव्हता. त्यांनी चोरून कार्यक्रम टेप केले, प्रती वाटल्या. ॲम्स्टरडॅमची ती रात्रही अनधिकृत फितींवरून फिरली आणि मग बँडला ती 1997मध्ये 'द नाइट वॉच' म्हणून रीतसर काढावी लागली. डेव्हिड सिंगलटनसोबत 1992मध्ये काढलेल्या डीजीएम या स्वतःच्या कंपनीतून फ्रिपने पुढे शेकडो कार्यक्रम विकायला ठेवले. जिथे बँडकडे चांगली फीत नव्हती तिथे प्रेक्षकांतून झालेली मुद्रणंही वापरली. ज्यांना दारात अडवायचं त्यांच्याच फितींनी कपाट भरलं. यात ढोंग आहे असं काही जण म्हणतात. मला ते ढोंग नाही, उशिरा दिलेली कबुली वाटते.

8 डिसेंबर 2021ला टोकियोत बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. 2024मध्ये बँडमधलेच एड्रियन बेलू आणि टोनी लेव्हिन यांनी स्टीव्ह वाय आणि डॅनी केरी यांना घेऊन 'बीट' नावाने ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डी वाजवत दौरा केला. फ्रिप त्यात नव्हता, पण त्याची संमती होती.

आणि त्या उशिराच्या कबुलीत बँडच्या 'अर्थबाउंड' या रेकॉर्डचं काय झालं तेही सांगायला हवं. 1972च्या दौऱ्यावर साध्या कॅसेटवर टिपलेली ही रेकॉर्ड इतकी खरखरीत की अमेरिकेतल्या वितरक कंपनीने ती काढायला साफ नकार दिला होता. पंचेचाळीस वर्षांनी, 2017मध्ये, त्याच काळातल्या कार्यक्रमांचा 27 डिस्कचा खोका बँडने बाजारात आणला. 'अर्थबाउंड' त्यात आहेच, शिवाय त्या दौऱ्याच्या आणखी कितीतरी रात्री आहेत, तितक्याच खरखरीत. एकच गाणं पुन्हा पुन्हा, वेगळ्या गावात, वेगळ्या मूडमध्ये. ज्यांनी तो घेतला ते आता डेन्व्हरची रात्र सरस की डेट्रॉइटची, यावर भांडतात.