फलत्याग आणि शस्त्रवैद्य

कर्म करावें, पण त्याच्या फलावर दृष्टि ठेवूं नये, हा गीतेचा उपदेश आपणां मध्यमवर्गीयांच्या कानांवर बालपणापासून पडत आलेला असतो. कारकून, शिक्षक, व्यापारी यांना तो थोडाफार पेलतोहि. कारण त्यांच्या कर्माचें फल बहुधा त्यांच्याच पदरांत पडावयाचें असतें, आणि स्वतःच्या पदरांतलें सोडून देण्यास प्रत्येक मनुष्य मुखत्यार आहे. परंतु शस्त्रवैद्याच्या कर्माचें फल दुसऱ्याच्या देहांत उतरतें. तें सोडून देण्याचा अधिकार त्याला कोठून आला?

हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे. ता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं एका रुग्णाच्या छातींत दुसऱ्या माणसाचें हृदय बसविलें. केपटाउन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं मानवी हृदयाचें पहिलें आरोपण केलें, त्यास तेव्हां अवघे अडीच महिने झाले होते. बर्नार्ड यांचा रुग्ण अठरा दिवस जगला. परळचा रुग्ण तीन तास.

सेन यांनीं उतावळेपणा केला काय? तसें म्हणतां येणार नाहीं. १९५२ पासून ते हृदयाची आकसलेली झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया करीत होते, आणि आरोपणाचा प्रयोग त्यांनीं सहकाऱ्यांसह कुत्र्यांवर अनेकवार करून पाहिला होता. शिष्याचा हात आधीं कोहळा, भोपळा, काकडी यांवर बसवावा, असें सुश्रुतानेंहि सांगितलें आहे. परंतु कोहळ्यावरून वा कुत्र्यावरून माणसाकडे येतांना एक पायरी अशी उरते, कीं जिची तालीम कोठेंच होऊं शकत नाहीं. कोणीतरी पहिला रुग्ण व्हावाच लागतो. तो संमति देतो हें खरें. पण बुडत्याला काडीचा आधार वाटतो, म्हणून काडी पुढें करणाराची जबाबदारी हलकी होत नाहीं.

शिवाय तेथें दुसरा देहहि होता. ज्याचें हृदय काढावयाचें तो मेला, हें केव्हां म्हणावें? मेंदूचा मृत्यु कसा ओळखावा यासंबंधीं हार्वर्डच्या समितीचा सुप्रसिद्ध अहवाल १९६८ च्या ऑगस्टांत, म्हणजे परळच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीं, प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तर यासंबंधींचा कायदा १९९४ सालीं झाला. कायदा मागें राहिला असतां निर्णयाचा सारा भार डॉक्टराच्या विवेकबुद्धीवर पडतो.

मग फलत्यागाचा उपदेश शस्त्रवैद्यास लागूच नाहीं काय? मला वाटतें, लागू आहे. पण त्याच्या कर्माला दोन फलें असतात हें आधीं ओळखलें पाहिजे. एक रुग्णाचें जीवित, दुसरें स्वतःची कीर्ति. दुसऱ्याचा त्याग त्यानें खुशाल करावा. पहिल्याची आसक्ति मात्र मरेपर्यंत सोडूं नये. घोंटाळा असा, कीं जगाच्या बाजारांत हीं फलें उलट वांटलीं जातात. सेन यांना १९६९ सालीं पद्मभूषण मिळालें, आणि त्यांच्या कर्तृत्वास तें साजेसेंच होतें. पण तीन तासांच्या त्या आयुष्याची भरपाई कोणत्याहि पदवीनें होत नाहीं.

१९६८ सालींच त्यांनीं केलेलें दुसरें आरोपणहि टिकलें नाहीं, आणि तिसरें झालें नाहीं. १९६८ या एका वर्षांत जगभर शंभराहून अधिक हृदयारोपणें झालीं. बहुतेक रुग्ण थोडक्याच काळांत गेले. परक्या हृदयाला शरीर झिडकारतें, आणि तें आवरणारें प्रभावी औषध १९८० च्या सुमारास हातीं आलें. भारतांत यश आलें तें ३ ऑगस्ट १९९४ रोजीं, दिल्लीस, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. हात चालविण्याचें धैर्य थोर खरें. पण ज्ञान अपुरें आहे हें कळल्यावर हात आवरणें हेंहि कांहीं लहान कर्म नव्हे.

परळच्या त्या रस्त्यानें जातांना रुग्णांचे नातलग फुटपाथवर डबा, गांठोडें जवळ घेऊन बसलेले दिसतात. कोणी कोंकणांतून आलेले, कोणी घाटावरून. फलाची आशा सोडा, असें त्यांना सांगण्याचें धाडस मला तरी होत नाहीं. आंत शस्त्र हातीं घेणारानेंहि ती त्यांच्या वतीनें सोडूं नये.