जवळपणाचे माप

चांदूर बाजार येथे वकिली करणारे आमचे एक तरुण स्नेही परवा एक इंग्रजी कागद घेऊन आमच्याकडे आले. वाद एका विहिरीचा होता. तिच्या काठी शेजाऱ्याने फवारणीची औषधे कालविली, अशी तक्रार होती. कागदात 'प्रॉक्सिमिटी' हा शब्द दोनदा आला होता, आणि आमच्या स्नेह्यांनी त्याचे भाषांतर दोन्ही ठिकाणी 'सामीप्य' असे केले होते. त्यांच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी, "हा कोर्टाचा कागद आहे, कीर्तन नव्हे," असे म्हणून तो शब्द खोडून टाकला. प्रश्न दिसावयास कोशातला. पण उत्तर देऊ लागलो तो तो कोशाबाहेर निघाला.

त्या सहकाऱ्यांचे हसणे अगदीच निराधार नव्हते. मराठी माणसाच्या कानी 'समीपता' हा शब्द सलोकता, समीपता, सरूपता व सायुज्यता या चार मुक्तींच्या मालिकेतून पडत आलेला आहे. त्या मालिकेत एक मार्मिक भेद आहे. देवाच्या लोकी राहावयास मिळणे ही पहिली पायरी, आणि त्याच्याजवळ असणे ही दुसरी. एका गावात राहतो म्हणून कोणी कोणाच्या जवळ असतोच असे नाही, ही गोष्ट आपल्या परंपरेने वैकुंठाविषयी बोलताना गृहीत धरली. गावाविषयी बोलताना मात्र आपण ती विसरतो. शब्दाचे मूळ मात्र मातीतले, किंबहुना पाण्यातले आहे. पाणिनीच्या एकाच सूत्राने 'द्वीप' आणि 'समीप' हे दोन्ही शब्द सिद्ध होतात, व दोहोंच्या पोटी पाणी आहे. इंग्रजी शब्द ज्या लॅटिन विशेषणावरून आला त्याचा अर्थ 'सर्वांत जवळचा' एवढाच. तेथे पाणी नाही, देवही नाही; नुसता क्रम आहे.

असा नुसता क्रम आपल्याकडे पाहावयाचा तर शेतीचे खरेदीखत उघडावे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचे शेत, अशी चतुःसीमा त्यात लिहिलेली असते. बांधाला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. त्या धुऱ्याच्या दोहों अंगांस ज्यांची नावे जन्मभर एकमेकांना खेटून लिहिलेली असतात, तेच दोघे हातभर धुऱ्यासाठी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, हे कोणास ठाऊक नाही? खत मात्र खोटे नसते. ते जमिनीविषयी बोलते, माणसांविषयी नाही.

उलट बाजूचे उदाहरणही त्याच तालुक्यात आहे. माधानचे संत गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले व १९१५ साली निवर्तले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. ग्रंथ दुसऱ्याने वाचून दाखवावे आणि त्यांनी ऐकावे, असा त्यांचा विद्याव्यासंग; आणि तरी त्यांच्या ग्रंथांची संख्या शंभरावर जाते. ते स्वतःस ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली; म्हणजे पित्याची समाधी आणि या कन्येचा जन्म यांत पावणेसहाशे वर्षांहून अधिक काळ गेला. या नात्याचे तात्त्विक स्वरूप काय, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्याला समोरचा मनुष्यही दिसत नव्हता, त्याने इतक्या दूरच्या पुरुषाशी सर्वांत जवळचे नाते जोडले, ही गोष्ट कोणत्याही मोजपट्टीच्या आवाक्यातली नाही एवढे खास.

येथे आमचे स्नेही म्हणाले, "ही झाली भक्ती. प्रेमाला अंतर नसेल; कायद्याला तर अंतरच लागते." हा आक्षेप रास्त होता, परंतु खुद्द इंग्रजी कायद्यानेच तो या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात खोडून काढला आहे. स्कॉटलंडात पेस्ली येथे १९२८ साली एका बाईला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली. बाटली अपारदर्शक होती. तीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी बाईची फिर्याद. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती, तेव्हा करार कोणाशीच नाही. आणि कारखानदाराने तर तिला पाहिलेही नव्हते. १९३२ साली लॉर्ड्सच्या सभेने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, फिर्यादीतील हकीकत खरी ठरल्यास कारखानदार जबाबदार धरला जाईल. लॉर्ड ॲटकिन यांनी या निकालपत्रात 'आपला शेजारी कोण?' हा बायबलातील जुना प्रश्न कायद्याच्या दारी आणून उभा केला. आपल्या कृत्याचा परिणाम ज्याच्यावर थेट होणार हे आपल्या ध्यानी असावयास हवे, तो आपला शेजारी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. 'प्रॉक्सिमिटी' म्हणजे केवळ शरीराचे जवळ असणे नव्हे, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले.

वऱ्हाडच्या माणसाला त्या अपारदर्शक बाटलीची गोष्ट परकी वाटू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी फार लोकांकडे बोटे दाखविली गेली, आणि त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु फवाऱ्याचा पंप पाठीला बांधून डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरणारा मजूर कोणाच्या जवळ होता? औषध करणारा दूर होता, विकणारा तालुक्याला होता, आणि शेताचा धनी पुष्कळदा धुऱ्यावरच उभा असतो. ॲटकिनसाहेबांच्या व्याख्येने तिघेही त्याचे शेजारी.

तिघेही सारखेच शेजारी काय? येथे मात्र आम्ही थबकतो. जवळपणा हा संबंधाचा गुण आहे, वारांचा व हातांचा नव्हे, असे एकदा ठरले की काही जण लगेच पुढची उडी घेतात: मग अंतराला नीतीत काही किंमतच नाही. हे आम्हांस मान्य नाही. दूरच्या मनुष्याला दुसऱ्याचे दुःख कल्पनेने जाणावे लागते; कल्पना थकते, चुकते, आणि तिला थोडीफार क्षमा असते. धुऱ्यावर उभ्या असणाऱ्याला कल्पनेची गरजच नाही. मजुराच्या तोंडाला फडके नाही आणि वारा त्याच्याकडेच वाहत आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसते. अंतर कमी झाल्याने नाते जडत नाही, हे खरे. पण 'ठाऊक नव्हते' ही सबब मात्र हातची जाते.

हीच सबब अमरावतीकरांस कधीच उपलब्ध नव्हती. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली तेथे सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, व त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेस अध्यक्ष म्हणून आले. दार मागणारे लोक कोठून परमुलखांतून आले नव्हते. त्याच गावांत, त्याच बाजारांत ते पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. त्यांना दूर ठेवण्यासाठी रोज नव्याने श्रम करावे लागत होते: सावली टाळावयाची, पाणी वरून ओतावयाचे, वाट वेगळी ठेवावयाची. ज्याला खरोखर दूरचा मानतो त्याच्यासाठी इतकी खबरदारी कोण घेतो?

आमच्या स्नेह्यांना तारखेची घाई होती. आम्ही त्यांचा कागद पुन्हा वाचला. पहिल्या पानावर औषध कालविल्याची जागा विहिरीपासून किती हातांवर होती, एवढाच मुद्दा होता. तेथे 'लगत' लिहावे, असे आम्ही सुचविले. दुसऱ्या पानावर तोच शब्द विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाविषयी आला होता. तेथे 'लगत' चालेना. बराच विचार करून आम्ही त्यांचा खोडलेला 'सामीप्य' हाच शब्द पुन्हा वर लिहून दिला. सहकारी पुन्हा हसतील, असे ते म्हणाले. पण कागदाची घडी घालताना त्यांनी तो खोडला नाही.