मौन आणि संमती

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केला, अशी फिर्याद नोंदवली गेली. हे गाव त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. मुलगी पोरकी होती, मोलमजुरी करून जगत होती. भावाच्या तक्रारीसंबंधी जबाब देण्यासाठी तिला ठाण्यात आणले होते.

1974 साली सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. धाकापुढे हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखम नव्हती, प्रतिकाराची खूण नव्हती, म्हणून तिची संमती मानली गेली! पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 साली कायदा बदलला. अत्याचारितेचे नाव छापण्यासही त्याच दुरुस्तीने बंदी आली. तोवर हिचे नाव सर्वतोमुखी झाले होते. दप्तरात मात्र हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असाच आहे. आम्हीही तिचे नाव येथे लिहीत नाही.

कायदेपंडितांच्या या वादात धर्मगुरूने का पडावे? कारण संमती हा शब्द आमच्या नित्याच्या कामातला आहे. विवाहापूर्वी वधूवरांना वेगवेगळे बसवून आम्ही विचारतो, स्वखुशीने आलात ना, कोणाचा दबाव नाही ना? ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेचे 1103 वे कलम सांगते की, जबरदस्तीने किंवा गंभीर भयापोटी दिलेल्या संमतीने विवाह होतच नाही. वेदीपुढे, साऱ्या गणगोतासमोर स्पष्ट 'होय' म्हटले असले तरीही नाही. उच्चारलेला होकारही जर भयाने पोकळ ठरतो, तर कधी न उच्चारलेला होकार केवळ अंगावर ओरखडा नाही एवढ्यावरून भरीव कसा ठरावा?

इ. स. 410 मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा अत्याचार सोसून जिवंत राहिलेल्या स्त्रियांकडे लोक संशयाने पाहू लागले. संत अगस्तीन त्यांच्या बाजूने उभे राहिले. शुचिता मनाच्या निश्चयात असते, दुसऱ्याच्या वासनेने ती डागाळत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. असे असूनही आपल्या प्रवचनांतून संत मरिया गोरेत्तीची कथा पुष्कळदा अर्धीच सांगितली जाते. 1902 साली अकरा वर्षांच्या त्या मुलीने प्रतिकार केला आणि प्राण दिले, एवढेच मुलींच्या मनावर ठसते. मरताना तिने मारेकऱ्याला क्षमा केली, हे मागे पडते. मग जी भयाने थिजली आणि वाचली, तिने मागच्या बाकावर बसून काय ऐकावे? जगलीस हाच तुझा दोष?

पोलिसांच्या पंचनाम्याआधी गल्लीचा पंचनामा होतो. अशा वेळी तिथे कशाला गेली होती, ओरडली का नाही, हे प्रश्न शेजारीपाजारी प्रथम विचारतात. वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या आयाबायांनी पिढ्यानपिढ्या अंधार असतानाच पाटी उचलून मासळीसाठी धक्का गाठला आहे. त्यांच्याच लेकीनातींना त्याच उंबऱ्यांवरून हे प्रश्न ऐकावे लागतात, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.