निशादीप्त मेघ आणि आपला वाटा

१८८५ च्या उन्हाळ्यात, क्राकाटोआच्या उद्रेकानंतर दोन वर्षांनी, सूर्यास्तानंतरही उजळत राहणारे रुपेरी-निळे ढग युरोपातील निरीक्षकांनी नोंदवले. बर्लिनच्या ओटो येसे यांनी पुढे छायाचित्रांवरून त्यांची उंची काढली, सुमारे ८२ किलोमीटर. ना पाऊस, ना सावली. तरीही विज्ञानाला त्यांचा ध्यास लागला. ध्रुवप्रदेशी ऐन उन्हाळ्यात तिथली हवा वर चढून विरळ होते, उणे १३० अंशांखाली थंडावते आणि उल्कांच्या सूक्ष्म धुळीवर हिमकण धरतात. नॉर्वेतील आन्डोयाहून अग्निबाण सोडून हे कण तपासले गेले.

परंतु त्या हिमातील काही पाणी मिथेनपासून बनते, आणि मिथेन माणसाने वाढवला आहे. तो तेलविहिरी आणि कोळशाच्या खाणींतून निघतो. भातखाचरांतून आणि गोठ्यांतूनही. जे ढग आपल्या आकाशात दिसत नाहीत, त्यांत आपलाही अंश आहे. न पाहिलेल्या परिणामाचे उत्तरदायित्व कितपत मानावे? अजाणतेपणाची सबब, जाणल्यानंतर, मला पटत नाही. तथापि भुकेचा भात आणि हव्यासाचा वायू एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. वर पोहोचलेला रेणू हा भेद जाणत नाही; तेव्हा तो हिशेब खालीच, चुलीपाशी आणि खाणीपाशी, निरनिराळा मांडावा लागेल.